औषध बाई-पुरुष बघत नाही? फोंड्याच्या दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुम्ही वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. उत्तर लांबलं म्हणून वेगळं टाकतेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. एचआयव्हीच्या गोळ्यांचे साइड इफेक्ट बायकांना वेगळे होतात आणि काही बाबतीत जास्त होतात, असं मी लिहिलं होतं. दादांचं म्हणणं, औषध बाई-पुरुष बघत नाही, बायका मुळातच दुखणी जास्त सांगतात, आणि असलं वाचून एखादी बाई घाबरून गोळ्या बंद करेल त्याची जबाबदारी कोण घेणार.

आधी ते "जास्त सांगतात" बघू. नेव्हिरापिन नावाची गोळी होती, आपल्याकडे १ एप्रिल २००४ ला सरकारी एआरटी (म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्यांचा उपचार) फुकट सुरू झाली तेव्हा पहिल्या फळीत हीच असायची. जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या सरकारी औषध नियंत्रण खात्याने) तिच्याबद्दल इशारा दिला. सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, जास्त तितका चांगला) २५० च्या वर असताना ही गोळी सुरू केलेल्या बायकांत लक्षणांसकट लिव्हरचा त्रास ११% जणींना झाला होता, आणि २५० च्या खाली असलेल्या बायकांत ०.९%. बारा पट! पुरुषांत ही धोक्याची रेषा ४०० वर होती, तिच्या वर ६.३% आणि खाली १.२%. म्हणजे एकच गोळी, एकच डोस, पण बाईसाठी रेषा वेगळी आणि पुरुषासाठी वेगळी. लिव्हर बिघडलं की रक्ताच्या रिपोर्टात एन्झाइम वाढलेले दिसतात आणि रिपोर्ट काही कुरकुर करत नाही. त्यात आणखी एक गोष्ट, जिचा मला अजून राग येतो. दुसरी गोळी होती एफाविरेंझ, पण गरोदरपणात बाळाला अपाय होईल या भीतीने ती मूल होण्याच्या वयातल्या बायकांना द्यायचं टाळायचे, म्हणजे ज्या गोळीचा बायकांच्या लिव्हरला धोका जास्त त्याच गोळीकडे बायकांना वळवलं जायचं.

आता स्टॅव्हुडिन, एचआयव्हीचीच आणखी एक जुनी गोळी. ही बंद करत आणा असं डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) २००९ मध्ये सांगितलं, पण तोवर जगभर लाखो लोकांनी ती खाल्ली. रक्तात लॅक्टिक अ‍ॅसिड वाढून जीवावर बेतायचं, आणि तो धोका बायकांना, त्यातही जाड आणि गरोदर बायकांना जास्त होता. शिवाय अंगावरची चरबी इकडची तिकडे व्हायची. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहते, एआरटीच्या गोळ्या आमच्याकडे मिळत नाहीत, त्या सेंटरवरच मिळतात, पण बायका अ‍ॅसिडिटीची, रक्तवाढीची गोळी घ्यायला येतात आणि गर्दी नसली की बोलतात. त्यातली एक (गाव सांगत नाही) मला हात दाखवायची, दंड काडीसारखे झालेले, बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या, आणि ब्लाऊज मात्र छातीत बसत नव्हता. टेलरकडे बाही आत घ्यायची आणि छाती सैल करायची, एकाच ब्लाऊजला दोन्ही कामं, आणि टेलर विचारणार हे असं कसं गे? म्हणून तिने टेलरकडे जाणंच सोडलं, हाताने शिवायची. तपासणीला गेली की म्हणायची, "दोतोर म्हणटा सगळें नॉर्मल, पूण म्हाका बरें दिसना." डॉक्टर खोटं बोलत नव्हते, सीडी४ खरंच चांगला होता.

हे मी का सांगतेय, तर घाबरून गोळ्या सोडण्याचा तुमचा मुद्दा आहे ना, तो मी हलका समजत नाही. गोळ्या सुटल्या की व्हायरस पुन्हा वाढतो, रेझिस्टन्स येऊ शकतो, म्हणजे तीच गोळी पुढे लागू पडत नाही. पण माझं म्हणणं असं की आधी सांगितलेल्या त्रासाला बाई तोंड देते, गोळ्या सुटतात त्या "तुझ्या मनाचे खेळ" असं ऐकून घरी परतल्यावर.

भीती घालून काय होतं त्याचं उदाहरण २०१८ चं आहे. बोट्स्वानात दिसलं की गर्भ राहताना डॉल्युटेग्राविर ही एचआयव्हीची नवी गोळी चालू असलेल्या ४२६ बायकांपैकी ४ जणींच्या बाळांच्या मेंदू-मणक्यात दोष होता. लगेच कित्येक देशांत मूल होण्याच्या वयातल्या बायकांना ही चांगली गोळी नाकारली गेली किंवा गर्भनिरोधकाची अट घातली. त्याच वर्षी एचआयव्हीसह जगणाऱ्या आफ्रिकन बायका रवांडातल्या किगालीत जमल्या आणि म्हणाल्या की आम्हाला धोका नीट सांगा आणि निवड आमची आम्हाला करू द्या. पुढे आणखी बायकांची नोंद झाली तसं दोषाचं प्रमाण खाली आलं, २०१९ मध्ये १६८३ पैकी ५, आणि जुलै २०१९ मध्ये डब्ल्यूएचओने ही गोळी सगळ्यांसाठी सुचवली. त्या बायकांनी माहिती लपवा असं कुठेही म्हटलं नव्हतं, दादा.

आणि डॉल्युटेग्राविर आज आपल्याकडच्या रोजच्या एका गोळीत आहे, टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन या एचआयव्हीच्याच दोन औषधांसोबत. चांगलीच आहे, पण वजन वाढतं. दक्षिण आफ्रिकेच्या अ‍ॅडव्हान्स ट्रायलमध्ये ४८ आठवड्यांत जवळपास अशाच कॉम्बिनेशनवर सरासरी ३ किलोच्या आसपास वाढलं, टेनोफोविरचा नवा प्रकार टीएएफ घातला तर ६ किलोच्या वर, आणि बायकांचं पुरुषांपेक्षा जास्त. काही किलो तर आधी आजाराने उतरलेलं वजन भरून येतं, ते हवंच. पण त्यापुढेही वाढतच राहिलं तर शेजारीपाजारी "तब्येत सुधारली गे तुझी" म्हणतात आणि शुगर कुणी तपासत नाही.

तुम्ही पुरावे मागितलेत, तर पुराव्यातच खोट कुठे आहे तेही सांगते. जगात एचआयव्ही असलेल्यांत निम्म्याहून जास्त बायका, पण औषधांच्या ट्रायल्समध्ये बायका साधारण पाचात एक. एवढ्या कमी जणींवरून "फरक दिसला नाही" असं लिहिणं सोपं असतं. मुद्दाम दोन-तृतीयांश बायका घेऊन अमेरिकेत ग्रेस नावाची ट्रायल केली, त्यात औषधाचा व्हायरसवरचा परिणाम बायका-पुरुषांत जवळपास सारखा निघाला (हे तुमच्या बाजूचं, मान्य), पण मध्येच सोडून जाणाऱ्या बायका ३३%, पुरुष २३%.

"गोव्यात असे पेशंट कितीसे" असंही तुम्ही विचारलंत. १९८९ मध्ये याच गोव्यात डॉमनिक डिसोझांना फक्त एचआयव्ही आहे म्हणून ६४ दिवस कोंडून ठेवलं होतं, ज्या घरांनी ते पाहिलंय तिथल्या बायका आजही काउंटरवर आवाज खाली करूनच बोलतात, त्यामुळे तुम्हाला त्या दिसत नाहीत.

शेवटी कामाचं. आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी, म्हणून लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या घरोघरी. डॉल्युटेग्राविर रिकाम्या पोटी या गोळ्यांसोबत घेतली तर ती अंगात नीट शोषली जात नाही. एक तर दोन्ही जेवणासोबत घ्यायच्या, नाहीतर डॉल्युटेग्राविर त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध किंवा चघळायची गोळी असेल तर मात्र जेवणासोबतही नाही, तिथे २ आणि ६ तासांचं अंतर ठेवायचंच. आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्ही गोळ्या दाखवा, कारण डॉल्युटेग्राविरमुळे रक्तात मेटफॉर्मिन वाढतं आणि सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. गोळी मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका, एवढं तुमचं-माझं एकमत आहे.