पाणी (खरं)

काल दुपारच्या मीटिंगमध्ये, चहा यायच्या आधी, आमच्या सरांनी सगळ्या स्टाफसमोर मला सांगितलं की मॅडम, तुम्ही एकदा भाऊंसोबत बसून कॉलम नीट समजून घ्या. मी. भाऊंकडून. कॉलम. अकरा वर्षं सर्व्हेचा डेटा साफ करून पोट भरतेय मी (आई नातेवाइकांना सांगते, 'ऑफिसात साफसफाईचं बघते', तो वेगळा अपमान, त्यावर परत कधीतरी), आणि भाऊ म्हणजे आमचे लातूरकडचे फील्ड कोऑर्डिनेटर, ज्यांनी एका शीटमध्ये ओळीने चार कॉलम केले होते: पाणी, पाणी १, पाणी नवीन आणि पाणी (खरं).

आता मी काय नियम पाठवले नव्हते का? दोन पानी कोडबुक (कुठल्या कॉलमला काय नाव, कुठल्या उत्तराला काय आकडा) पाठवलं होतं, कलर प्रिंट. नावात स्पेस नको, कंस नको, सुरुवातीला आकडा नको, नाव छोटं ठेवा. हे काही माझे सासुरवासाचे नियम नाहीत, आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरचे नखरे आहेत. जुन्या एसपीएसएसला आठ अक्षरांपुढे नाव चालायचं नाही, स्टाटा आजही बत्तीसच्या वर घेत नाही, आणि आर तर असला सभ्य की तोंडाने काही बोलत नाही, गुपचूप स्पेसच्या जागी टिंब ठेवून मोकळा होतो आणि मग आपण तासभर शोधत बसायचं की कॉलम गेला कुठे. तर चार पाणी बघून मी म्हटलं हे डुप्लिकेट आहेत, पहिलं ठेवलं, बाकीची तीन उडवली. पाच मिनिटांचं काम. चार्ट काढला. जवळपास सगळ्या गावांत नळाला रोज पाणी. छान निळे निळे बार.

मीटिंगमध्ये तो निळा चार्ट पडद्यावर आला आणि मागच्या खुर्चीतून भाऊ खाकरले.

"मॅडम, ते सरपंचाचं पाणी हाय."

सगळे हसले. मीही हसले, कारण मला कळलंच नव्हतं. मग चहानंतर बसले त्यांच्याशेजारी, वही घेऊन, दहावीच्या क्लासला बसल्यासारखी.

"भाऊ, नुसतं 'पाणी' म्हणजे काय?"

"पहिल्यांदा विचारलो ते. सरपंच सोबत होते ना, गाडी त्यांचीच होती. बाया म्हणल्या रोज येतंय."

"आणि पाणी १?"

"ते सरपंचाच्या पोरासमोर."

"पाणी नवीन?"

"तुम्ही फॉर्म बदललाव ना मधीच. ते तुमचंच हाय."

हे खरं होतं. मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

"बरं. आणि पाणी खरं?"

"दुसऱ्या दिवशी एकटाच गेलतो, मोटारसायकलवर. मग बाया बोलल्या. बारा दिवसाला येतंय, तेबी अर्धा तास. एकीनं तर घरात नेऊन बॅरल उघडून दाखविली, तळाला शेवाळ."

"अहो मग हे मला सांगायचं ना! कुठेतरी लिहायचं ना!"

"लिहिलो की मॅडम. कंसात."

यावर माणसाने काय बोलावं. बरं, माझ्याच बाबांच्या फोनमध्ये 'प्लंबर', 'प्लंबर २' आणि 'प्लंबर (येतो)' असे तीन नंबर आहेत आणि घरात कुणालाही विचारा, फोन तिसऱ्यालाच लागतो. त्यांना कधी कोडबुक लागलं नाही. पण बाबांना सहाशे चाळीस प्लंबरांची सरासरी काढायची नसते ना! मला काढायची असते, शुक्रवारपर्यंत.

मग भाऊ सुटलेच. शीटमध्ये एका कॉलमचं नाव 'सात डिसेंबर' होतं. मला वाटलं सर्व्हेची तारीख असेल, तर त्याखाली नुसतं हो, नाही, सासऱ्याच्या, नाही. भाऊ म्हणाले आम्हालाबी वाटलं तुम्हीच काहीतरी टाकलाव. शेवटी मलाच उजेड पडला, कुणीतरी हेडिंगला इंग्रजी आकड्यांत सातबारा टाइप केला होता, सात, तिरकी रेघ, बारा, आणि एक्सेलने तो तत्परतेने सात डिसेंबर करून टाकला! फॉरमॅट बदलून बघितला तर ४५९९८ असा आकडा आला. म्हणजे जमिनीचा उतारा गेला, तारीख आली, तारीख गेली, पाचआकडी भूत आलं. याच खोडीपायी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या मंडळींनी मार्च१ वगैरे जनुकांची नावंच बदलून टाकली, एक्सेल नाही बदललं तेव्हा. तिथे माझा काय पाड.

आणि वयाचा कॉलम! माझा नियम साधा: उत्तर दिलं नाही तर ९९. एका पोराने ९९ लिहिलं, एकाने ९९९, एकाने नुसती आडवी रेघ, आणि भाऊंनी चार ठिकाणी लिहिलं होतं 'बाई रागावली'. आकड्यांच्या कॉलममध्ये. सरासरी निघेना, आणि शब्द काढून टाकल्यावर जी निघाली तिच्यावरून गावातल्या बाया शंभरी ओलांडलेल्या.

"भाऊ, ९९ लिहायचं ठरलं होतं."

"९९ लिहिल्यावर तुम्हाला कसं कळंल, रागावली म्हणून?"

"मला कळायची गरजच नाहीये!"

"तिला होती की मॅडम. वर्षात चौथी संस्था वय विचारायला आलती."

जाता जाता त्यांनी अजून एक सुचवलं, पाणी कुठून येतं या प्रश्नाच्या पर्यायांत रेल्वे नाही, ती टाका. मी बघतच राहिले. "२०१६ ला मिरजेहून आलती ना लातूरला, पाण्याची गाडी. परत आली तर कोड नको का?" आठ नंबरचा कोड रिकामा होता. दिला.

खरी चीड भाऊंची नाहीच. या प्रोजेक्टमध्ये बॅनरला पैसे होते, टोप्यांना होते, टोप्यांवर लोगो छापायला वेगळे होते, डेटा साफ करायला मात्र 'दोन दिवस पुरतील ना मॅडम?' माणशी रोज ५५ लिटर हा जल जीवन मिशनचा निकष सगळ्यांना पाठ, पण ज्या कॉलममध्ये ते ५५ आहेत की पाच हे कळतं त्याला नाव काय द्यायचं, यावर अकरा वर्षांत एक मीटिंग झालेली मला आठवत नाही. चुकीचा कॉलम उडाला की मात्र लगेच होते.

रात्री बसून बॅकअपमधून तीन पाणी परत काढली. नावं दिली पाणी_सरपंच, पाणी_मुलगा, पाणी_फॉर्म२, पाणी_एकटे. बत्तीसच्या आत, ना स्पेस ना कंस, मला तर इतकं समाधान वाटलं की चार्टसुद्धा नवीन काढला. बार एवढेसे झाले. सरांना पाठवला. आज सकाळी फोन आला.

"मॅडम, छान झालंय. फक्त एक करा, मेन टेबलला पहिलंच पाणी राहू द्या. रिपोर्टच्या कार्यक्रमाला सगळ्या गावांचे सरपंच येणारेत."

"आणि खरं?"

"तेही द्या की. कंसात टाका कुठेतरी."

मंगळवारी अकरा वाजता भाऊंकडे माझं ट्रेनिंग आहे ते आहेच.