स्कार्लेट उभी राहीना

चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाने घरात खेळणं आणलं की पहिला प्रश्न येतो, "कोणासाठी?" याला 'माझ्यासाठी' हे उत्तर चालत नाही. 'संग्रहासाठी' म्हटलं की थोडं निभावतं. नाणी, काडेपेट्यांची लेबलं आणि पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्या सज्जनांनी या शब्दाला समाजात जरा पत मिळवून दिली आहे. आम्ही प्लॅस्टिकचे सैनिक जमवणारे त्या पतीवर उधारीत जगतो.

सध्याची उधारी स्कार्लेटच्या नावावर आहे. १९८२ साली अमेरिकेत हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने 'जी. आय. जो' ही खेळण्यातल्या सैनिकांची पलटण पावणेचार इंचांत नव्याने उभी केली, तेव्हा पहिल्या फळीत ही एकटी बाई. बाकी सगळे बाप्ये, आणि त्यातल्या काहींना तर एकच डोकं वाटून दिलेलं. साचा महाग, म्हणून मुंडकं तेच. दाढीमिशांचा रंग बदलला की शिपाई नवा. स्नेक आइज नावाचा शिपाई तर रंगाचे पैसे वाचवायला आख्खा काळा ठेवला आणि पुढे तोच सगळ्यात लोकप्रिय झाला. स्कार्लेटच्या बाबतीत मात्र ही काटकसर करता येईना. कुठल्याही शिपायाचं डोकं तिला चालण्यासारखं नव्हतं, त्यामुळे बाईंसाठी स्वतंत्र साचा घडवावा लागला.

आमच्याकडे फनस्कूल हे सैनिक बनवायचं, गोव्यातल्या कारखान्यात. माझ्या वाट्याला त्यातले अंगठा तुटलेले आणि कमरेतला रबर कुजलेले पुरुष आले. या सैनिकांचं वरचं आणि खालचं अंग आत एका रबरी कडीने जोडलेलं असायचं. ती तुटली की ऐन लढाईत शूराचे दोन तुकडे. मग हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "काका, एवढीशी वॉशर आहे का?" स्कार्लेट होती ती दादरला राहणाऱ्या मित्राकडे, त्याच्या अमेरिकेतल्या काकाने आणलेली. तो ती हातात देत नसे, लांबून दाखवी. त्यामुळे माझ्या आठवणीतली स्कार्लेट अप्रतिम आहे.

आता तिची नवी आवृत्ती आली, २०२० मध्ये सुरू झालेल्या 'क्लासिफाइड' मालिकेत. उंची सहा इंच, कोपर-गुडघ्यांत दुहेरी सांधे. आली म्हणजे तिकडे आली. इकडे २०२० च्या अर्थसंकल्पाने खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर नेलं, २०२३ मध्ये ते ७० झालं, आणि मधे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्काही सक्तीचा झाला. देशी खेळण्यांचं भलं व्हावं हे मलाही मान्य आहे, पण देशी कारखाना स्कार्लेट बनवेपर्यंत मी काय करायचं? न्यू जर्सीची बहीण हा त्यावरचा मार्ग. बॅगेतून बाकरवडी तिकडे जाते, सैनिक इकडे येतात.

बॉक्स उघडायचा दिवस मी घरात कोणी नसताना ठरवला होता. तेवढ्यात भिशी रद्द झाली म्हणून आई परत आली, कॉलेजला दांडी मारून लेक आली, आणि 'दोघी घरी आहेत तर चहा एकत्र घेऊ' म्हणून बायकोने लॅपटॉप मिटला. मग व्हायचं तेच झालं. डायनिंग टेबलावर मधोमध स्कार्लेट, समोर तीन परीक्षक, आणि मी पोह्यांची बशी धरून बसलेल्या वधूपित्यासारखा.

"शिकलेली आहे का?" आईने खरंच विचारलं.

आहे की! पूर्वी या सैनिकांच्या पुठ्ठ्यामागे प्रत्येकाची माहिती छापलेली असायची. लॅरी हामा नावाच्या लेखकाने ती लिहिली. खरं नाव शाना ओ'हारा, गाव अटलांटा. वडील आणि तिघे भाऊ मार्शल आर्ट्स शिकवणारे. हिने नवव्या वर्षी शिकायला सुरुवात केली, पंधराव्या वर्षी ब्लॅक बेल्ट मिळवला आणि वर वकिलीची परीक्षाही दिली. "वकिली सोडून मारामाऱ्या?" आई म्हणाली. "घरच्यांनी काही म्हटलं नाही?"

बायकोने मोबाइलवर १९८२ च्या मूळ स्कार्लेटचा फोटो काढला आणि बराच वेळ पाहिला. "हे बाकीचे सगळे हेल्मेट-बिल्मेट घालून युद्धावर चाललेत, आणि ही एकटी पोहायला निघाल्यासारखी का?" मी म्हटलं, तो तिचा क्लासिक पोशाख आहे. "क्लासिक कोणाच्या मते?" यावर मी चहा प्यायलो. पण तिचं म्हणणं टाळण्यासारखं नव्हतं. नव्या बाईला पट्टे आहेत, बकलं आहेत, जरा युद्धाला साजेसं अंगभर काही आहे, आणि जगभरचे माझ्यासारखे थोराड भक्त नेमकं त्यावरच कुरकुरतात. आम्हाला ती हुबेहूब जुनी हवी असते आणि शिवाय नवी हवी असते. कंपनीने तरी कुठे डोकं फोडून घ्यावं!

चेहरा मात्र फर्मास. जुनीचे डोळे म्हणजे ब्रशने मारलेले ठिपके. जरा हात हलला की एक डोळा कानाशी. हिच्या बुबुळात चक्क चमक आहे, भुवयांची रेघ वेगळी दिसते. नाकाच्या शेंड्यावर एक सूक्ष्म कण मला भिंगातून दिसला. ती धूळ निघाली, तोवर अर्धा तास गेला होता.

खरा त्रास केसांचा. मागे बांधलेले हे सुंदर लाल केस कडक प्लॅस्टिकचे आहेत, त्यामुळे बाईंना मान वर करता येत नाही. नेम धरायला पालथं झोपवलं की ती थेट जमिनीशी बोलते. विमान आलं तर दुसऱ्या कोणाला तरी सांगावं लागणार. लेक म्हणाली, "बाबा, पोनीटेल घालून लढायला कोण जातं? अंबाडा घालायचा ना." शत्रूशी लढायला दुहेरी सांधे दिले आणि केसांपुढे हात टेकले, हा दोष मी माझ्या वहीत लाल शाईने लिहिला.

नंतर शस्त्र. हिचा क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा घोडा असलेलं आडवं धनुष्य, खोक्यात दाबून बसल्यामुळे एका अंगाला वाकलेला. त्यावर जगन्मान्य उपाय म्हणजे गरम पाण्यात बुडवायचं, मऊ झालं की सरळ करायचं आणि लगेच गार पाण्यात सोडायचं. घरात त्या मापाचं भांडं एकच, चहाचं. ते मी गॅसवर ठेवलं, पाण्याला आधण आलं, क्रॉसबो सोडला, आणि मागून आईचा आवाज आला, "वेलची टाकलीस का रे?" तिने झाकण काढलं. पुढचा संवाद मी गाळतो. क्रॉसबो सरळ झाला, पण त्याला आल्याचा वास येतो. तो हातात बसवताना बोटांची खरी परीक्षा. उजव्या हाताचं एक बोट घोड्यासाठी ताठ आहे, ते घोड्यापर्यंत पोचतं, पण तोवर दुसऱ्या हातातून क्रॉसबो निसटतो. दोन्ही जमलं की कोपर केसांना अडतं. वयाच्या मानाने माझे शब्द शोभणारे नव्हते.

आणि एवढं करून ती उभी राहीना. घोटे सैल. तळव्याला खुंटीसाठी भोक आहे, पण खुंटीचा स्टँड बॉक्समध्ये नाही. शेल्फवर ठेवली की बाई क्षणभर तोल सांभाळते, मग सावकाश पुढे झुकते आणि शेजारच्या दोघा-तिघांना घेऊन कोसळते. रात्री हा आवाज झाला की बायको झोपेतच म्हणते, "तुझी पलटण पडली." सैल सांध्यावर इलाज म्हणजे पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब, वाळेपर्यंत सांधा हलवत राहायचा. लेकीच्या बाटलीतून मी तो थेंब घेतला. बाटलीची किंमत कळल्यावर वाटलं, स्कार्लेटच स्वस्त पडली.

एकूण माझा निकाल असा: चेहऱ्याला पैकीच्या पैकी, घोट्यांना काठावर पास, केस नापास, आणि पोशाखाचे गुण मी बायकोला विचारून देणार आहे. जुनीपेक्षा चांगली आहे. दादरच्या मित्राने आता त्याचीही स्कार्लेट हातात दिली, तरी मी हेच म्हणेन.

आईने तिला एकदा नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "पण ही लढते कोणाशी? समोर कोणीच नाही." मी म्हटलं, कोब्रा म्हणून शत्रूंची संघटना असते, त्यात बॅरोनेस नावाची एक चष्मेवाली बाई आहे, १९८४ पासून. "मग तिला नको का आणायला?" आई म्हणाली. "ही बिचारी एकटीच उभी."

घरच्या ज्येष्ठांची आज्ञा मोडायची आपली रीत नाही. मी तसाच न्यू जर्सीला फोन लावला. नव्या मालिकेत बॅरोनेस मोटारसायकलसकट येते, असं बहिणीला सांगितल्यावर तिने फक्त वजन विचारलं.