बाल्कनी म्हणजे बाहेर नव्हे

आईला पंच्याहत्तर पूर्ण झाली म्हणून आम्ही तिला क्रूझवर नेलं. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. चार रात्री. आईचं माहेर मालवणचं. तरुणपणी ती भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं गावी जायची, डेकवर चादर अंथरून, उशाला ट्रंक घेऊन. "समुद्र परत बघायचाय, पण या वेळी खुर्चीत बसून," एवढीच तिची मागणी होती. म्हणून जास्तीचे पैसे भरून बाल्कनीवाली केबिन घेतली.

आईला दमा आहे. विडी-सिगारेटला तिनं कधी हात लावला नाही, पण लहानपणापासून चुलीचा धूर छातीत गेलेला. बुकिंग करताना मी दोनदा विचारलं होतं, सिगारेटचं काय? "मॅडम, रूम्स पूर्ण नॉन-स्मोकिंग आहेत." झालं, मी निर्धास्त.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मलाक्काच्या सामुद्रधुनीत होतो. दूरवर मालवाहू जहाजांची रांग, आकाश केशरी, आईच्या हातात चहा. ती मला बोटीवरच्या जुन्या गोष्टी सांगत होती आणि मधेच खोकायला लागली. मला वाटलं चहाचा ठसका असेल. मग वास आला. पाचच मिनिटांत ती पंप मागायला लागली. तिला आत नेलं, काच सरकवून घेतली. उरलेली संध्याकाळ आईनं समुद्र काचेतून बघितला.

रिसेप्शनला फोन केला. पंधरा मिनिटांनी एक सिक्युरिटीवाला आला, कॉरिडॉरमध्ये उभा राहून त्यानं हुंगलं, काही सापडलं नाही म्हणाला. "बाल्कनीचं दार बंद ठेवा," हा त्याचा उपाय. ज्या बाल्कनीसाठी आम्ही पैसे मोजले, तिचं दार आम्हीच बंद ठेवायचं, आणि ज्यानं नियम मोडला त्याचं दार उघडंच.

दुसऱ्या दिवशी तोच प्रकार झाला तेव्हा मी स्वतः शेजारच्या केबिनचं दार वाजवलं. आमच्याच ग्रुपमधले काका निघाले. सकाळी नाश्त्याला आईसाठी खुर्ची ओढून देणारे, अतिशय सज्जन गृहस्थ. मी सांगितलं तर ते खरोखर गोंधळले. म्हणाले, "अहो पण मी आत नाही ओढत. बाहेर ओढतो, बाल्कनीत."

ते खोटं बोलत नव्हते. तीस वर्षं घरात काकूंनी "ओढायची तर बाहेर जा" म्हणून बाल्कनीत पाठवलेला माणूस तो. बाल्कनीत उभं राहणं हाच त्यांच्या मते दुसऱ्याचा विचार करणं होतं. मी त्यांना आईचा पंप दाखवला. त्यांचा चेहरा उतरला. नंतर त्यांनी एकदाही बाल्कनीत सिगारेट पेटवली नाही आणि आईची येऊन माफी मागितली. माझा राग त्यांच्यावर नाहीच. त्यांना हे नीट कुणीच सांगितलं नव्हतं. टूरच्या मीटिंगमध्ये पासपोर्ट, डॉलर, थेपल्यांची पाकिटं, सगळ्यावर बोलणं झालं, यावर एक वाक्य नाही.

तर "बाहेर" या शब्दावर मला बोलायचंय.

जहाज ताशी तीस-पस्तीस किलोमीटरनं पुढे जात असतं. बाहेर वारा पडलेला असला तरी जहाजाच्या अंगाला वारा लागतोच, आणि बहुतेक वेळा तो पुढून मागे. त्यामुळे पुढच्या केबिनच्या बाल्कनीतला धूर समुद्रावर निघून जात नाही, तो जहाजाच्या कुशीला चिकटून मागच्या बाल्कन्यांमधून जातो. दोन बाल्कन्यांमधला पडदा वरून आणि खालून थोडा मोकळा असतो. मागच्यानं समुद्राची हवा यावी म्हणून दार उघडं ठेवलं की धूर थेट त्याच्या गादीपर्यंत. म्हणजे ओढणाऱ्याच्या नाकाला जे "बाहेर" वाटतं, ते मागच्या चार केबिनींचं "आत" असतं. बंगल्याच्या अंगणात किंवा रस्त्यावर त्रास झाला तर माणूस चार पावलं लांब जातो. जहाजावर कुठे जाणार?

आणि हे फक्त वासाचं, खोकल्याचं प्रकरण नाही. २३ मार्च २००६ च्या पहाटे तीनच्या सुमाराला 'स्टार प्रिन्सेस' हे जहाज ग्रँड केमनहून जमैकाला जात होतं. अडीच हजारांहून जास्त प्रवासी झोपेत. एका बाल्कनीत आग लागली. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास यंत्रणेनं नंतर सांगितलं की बहुधा कुणीतरी टाकलेलं सिगारेटचं थोटूक बाल्कनीतल्या जळाऊ वस्तूवर पडलं आणि बराच वेळ धुमसून मग पेटलं. बाल्कन्यांमधले पडदे पॉलिकार्बोनेटचे, खुर्च्या प्लॅस्टिकच्या. आग बाल्कनीतून बाल्कनीत, एका डेकवरून वरच्या डेकवर चढत गेली. केबिनींच्या आत स्प्रिंकलर होते म्हणून ती आत फार घुसली नाही. तरी एका प्रवाशाचा धुरानं गुदमरून मृत्यू झाला, तेरा जणांना धुरामुळे उपचार लागले आणि ७९ केबिनी पार निकामी झाल्या.

तोवर बाल्कनी ही "बाहेरची" जागा म्हणून तिथे आगीचा सेन्सर नाही, पाण्याचा फवारा नाही, काय सामान वापरायचं याचे कडक नियम नाहीत. काका जे म्हणाले तेच नियम लिहिणारेही धरून चालले होते! त्यानंतर टायटॅनिकच्या अपघातामुळे जन्माला आलेल्या 'सोलास' या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात बाल्कन्यांसाठी तरतुदी आल्या. १ जुलै २००८ पासून त्या लागू झाल्या: दोन बाल्कन्यांमधले पडदे न जळणारे हवेत, आणि सामान सहज पेट घेणारं असेल तर आग ओळखणारी यंत्रणा आणि फवारे हवेत. सामान बदललं, यंत्रणा आली. पण बाल्कनीत सिगारेट ओढायची की नाही हे कंपन्यांवरच सोडलं. ज्या कंपनीचं ते जहाज होतं, त्या प्रिन्सेसनं बाल्कनीतली सिगारेट २०१२ च्या जानेवारीत बंद केली. रॉयल कॅरिबियननं २०१४ च्या जानेवारीत, कार्निव्हलनं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. एक माणूस गेल्यावर सहा-आठ वर्षांनी.

कंपन्यांना याआधी जमत नव्हतं असंही नाही. १९९८ मध्ये कार्निव्हलनंच 'पॅराडाइज' नावाचं जहाज आणलं होतं, टोकापासून टोकापर्यंत धूम्रपानमुक्त. ओढताना सापडलं तर २५० डॉलर दंड आणि पुढच्या बंदरात सामानासकट खाली. २००४ मध्ये कंपनीनं तो नियम गुंडाळला. सिगारेट न ओढणारी मंडळी बारमध्ये आणि कॅसिनोत हात आखडता घेतात, हे त्यामागचं मोठं कारण होतं. म्हणजे नियम पाळता येत नव्हता म्हणून नाही, पाळला तर गल्ला कमी भरत होता म्हणून.

कॅसिनोचं नाव निघालंच आहे. आमच्या जहाजावर नाटकाच्या थिएटरमधून जेवायला जायची सरळ वाट कॅसिनोतून होती. आत अर्ध्या टेबलांवर 'नो स्मोकिंग'ची पाटी, अर्ध्यांवर राखदाण्या. मध्ये भिंत नाही, काच नाही, काही नाही. विमानात पूर्वी मागच्या चार रांगा सिगारेटवाल्यांच्या असायच्या, तसंच. विमानातलं ते बंद होऊन किती वर्षं झाली. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य सल्लागाराच्या, २००६ च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्याच्या धुराची कुठलीही मात्रा सुरक्षित नाही, आणि वेगळा कोपरा करून किंवा हवा खेळती ठेवून बंद इमारतीत हा धोका जात नाही. जहाजाचा कॅसिनो ही तर बिनखिडक्यांची इमारत. आईला आम्ही रोज दोन जिने वर चढवून, डेकवरून वळसा घालून जेवायला न्यायचो.

कॅसिनोतल्या बारमागे गोव्याचा एक मुलगा काम करत होता. आईला चेहऱ्यावरून कसं कळलं देव जाणे, तिनं लिफ्टजवळ त्याला थेट विचारलं, "तुझो गाव खंयचो?" साष्टीतला निघाला. आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, घरी पोचल्यावर दोन महिने सुट्टी. तो सिगारेट ओढत नाही. म्हणाला, सुट्टीवर गेलो की मम्मी माझी बॅग घरात घेत नाही, आधी सगळे कपडे धुऊन उन्हात घालते, वास जातच नाही म्हणते. मी विचारलं, कॅसिनोतून दुसरीकडे बदली मागता येत नाही? तो फक्त हसला आणि आईला नमस्कार करून गेला.

मी चार संध्याकाळींबद्दल तक्रार करतेय. तो मुलगा आठ महिने रात्रीचे दहा-दहा तास त्या हवेत उभा असतो. गोवा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, मुंबईतून किती मुलं-मुली या जहाजांवर जातात, आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत एखादं घर असेल. भारतात २००३ चा तंबाखूविरोधी कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेले नियम कामाच्या जागी सिगारेटला मनाई करतात. पण जहाज बहामाजचं, पनामाचं किंवा माल्टाचं नोंदणीकृत असतं, आणि खोल समुद्रात त्या झेंड्याचा कायदा चालतो. म्हणजे त्या मुलाच्या फुप्फुसांचा निर्णय कंपनीच्या नियमपुस्तिकेत होतो. प्रवाशांनी सोय म्हणून मागितलं तर कंपनी ऐकते, कारण प्रवासी पैसे देतो. म्हणून मला वाटतं की कॅसिनोतला धूर बंद करा ही मागणी आपण, तिकीट काढणाऱ्यांनी, लावून धरली पाहिजे. त्याला ती करता येत नाही.

आता सिगारेट ओढणाऱ्यांबद्दल. माझे धाकटे दीर आमच्यासोबत होते आणि ते ओढतात. सुटावी अशी माझी रोजची इच्छा आहे, पण चार दिवसांच्या सहलीत कुणाचं व्यसन सुटत नसतं. त्यांना ओढायला जी जागा दिली होती ती म्हणजे सातव्या डेकवर, लाइफबोटींच्या खाली, चालायच्या ट्रॅकला लागून एक अरुंद पट्टी. बसायला दोन बाक, उरलेले उभे. सकाळी चालायला येणारी सगळी म्हातारी माणसं त्या धुरातून जात होती आणि भाऊजी दर वेळी सिगारेट पाठीमागे लपवून ओशाळे उभे राहत होते. ही जागा कुणी आणि काय विचार करून ठरवली? मला तर वाटतं, ओढणाऱ्यांना जहाजाच्या अगदी मागच्या टोकाला, जिथून वारा धूर समुद्रावर घेऊन जाईल, तिथे छप्पर, बाकं, वाळूच्या राखदाण्या असलेली चांगली जागा द्यावी. नीट जागा मिळाली तर भाऊजींसारखा माणूस बाल्कनीत चोरून कशाला ओढेल? आणि तरीही कुणी बाल्कनीत ओढलीच, तर जो दंड नियमपुस्तिकेत छापलाय तो खरोखर त्याच्या बिलात लावा. बऱ्याच कंपन्यांचा २५० डॉलर आहे. आमच्या मजल्यावर तो कुणाला लागल्याचं मी तरी ऐकलं नाही.

व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, घेऊन जाणाऱ्यांनाही सांगते. "याचा वास येत नाही" म्हणून चालत नाही. बहुतेक जहाजांवर त्याला सिगारेटचेच नियम लागतात, भारतात २०१९ पासून ई-सिगारेट विकायला, आणायला बंदी आहे, आणि सिंगापूरमध्ये तर नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा आहे. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाचं व्हेप तिथे जप्त झालं आणि आईवडिलांची पहिली संध्याकाळ त्यातच गेली.

परत आल्यावर हे सगळं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, तर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन आला. त्यांच्या नातवाच्या खोलीत खालच्या गॅलरीतून रोज रात्री दहाला धूर येतो, सहा महिने झाले, सांगायचं कसं म्हणून गप्प आहेत. मी त्यांना काकांची गोष्ट सांगितली. त्या परवा खाली जाऊन आल्या. खालच्यांनीही तेच उत्तर दिलं म्हणे, "पण मी तर बाहेर ओढतो."

आईला परत जायचंय. या वेळी मुलीच्या सुट्टीत, मेमध्ये. मी एजंटला तीन गोष्टी लिहून विचारल्यात: बाल्कनीत सिगारेट चालते का, कॅसिनोतून न जाता जेवायला जायची वाट आहे का, आणि ओढायच्या जागा खुणा करून डेकचा नकाशा मिळेल का, म्हणजे केबिन त्यांच्या पुढच्या बाजूला घेता येईल. चार दिवस झाले. "विचारून सांगतो मॅडम" एवढंच उत्तर आलंय. नकाशा हातात येईपर्यंत मी पैसे भरणार नाही असं त्यांना कळवलंय, आणि आईलाही सांगितलंय. ती म्हणाली, "चालेल. पण त्या साष्टीच्या मुलाच्या जहाजाचंही विचार."

तेही विचारलंय.