मंगावर भांडायचं असेल तर

मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. तिच्यावर भांडायचं तर सगळ्यात आधी, जपानी शिकू नका. जपानी आलेला माणूस वादाच्या काही कामाचा राहत नाही. तो 'संदर्भ बघावा लागेल' असं पुटपुटतो आणि मान खाली घालून तर्रीत पोहे बुडवत बसतो. तुम्हाला तर इंग्रजी भाषांतर वाचून मूळ जपानीत काय होतं ते सांगायचं आहे. त्याला भाषा लागत नाही, आवाज लागतो. आणि आवाजाच्या बाबतीत नागपूरकरांना कोणी शिकवायची गरज नाही.

वेळ सकाळची, जागा कस्तुरचंद पार्कजवळची पोह्यांची गाडी. रात्रभर जागून नवा चॅप्टर वाचलेला असावा, तोही अधिकृत नको. प्रकाशकाच्या ॲपवर 2019 पासून कित्येक मालिकांचे नवे चॅप्टर इंग्रजीत फुकट आणि जपानच्या बरोबरीनं येतात, पण तिथं थांबलात तर भांडायला उशीर होतो. कुठल्या तरी पोरानं झोपमोड करून, एक पैसा न घेता, घाईघाईत केलेलं भाषांतर निवडा. त्यात चुका जास्त सापडतात आणि त्या पोराला शिव्या घालायला काही खर्च येत नाही.

सुरुवात नावांपासून करावी. जपानीत र आणि ल असे दोन वेगळे ध्वनी नाहीत. त्यामुळे 'वन पीस' या मालिकेतला झोरो इंग्रजी पुस्तकांत झोलो होऊन बसला, आणि 'अटॅक ऑन टायटन'मधला लिवाय सुरुवातीच्या हौशी भाषांतरांत फ्रेंच थाटाचं रिव्हाय हे नाव लावून फिरत होता. आपल्याजवळ र आहे, ल आहे, वरून ळ आहे. एवढा दारूगोळा घेऊन या लढाईत उतरणारे लोक जगात फार नसतील. पण हे गाडीवर बोलू नका. का, ते पुढं येईल.

नावांनंतर शीर्षक. 'अटॅक ऑन टायटन' हे भाषांतरच चुकलं आहे, असं ठणकावून सांगा. ऐकायला तर ते कोणीतरी टायटनवर, म्हणजे महाकायावर, हल्ला केल्यासारखं वाटतं. जपानी नावात चाल करून येणारा महाकाय आहे, आणि कथा बरीच पुढं गेल्यावर कळतं की ते एका विशिष्ट टायटनचंच नाव होतं. इथं एक जण 'स्पॉयलर देऊ नको बे' म्हणून ओरडेल. मालिका 2009 मध्ये सुरू होऊन 2021 मध्ये संपली, याला अजून वाचायला वेळ मिळालेला नाही. त्याच्याकडे दुर्लक्ष करा. खरा धोका कोपऱ्यातल्या शांत माणसाचा. तो हळूच सांगेल की ते इंग्रजी नाव जपानी पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच छापलेलं असतं. असं झालं की लगेच ड्रॅगनकडे वळा.

ड्रॅगन म्हटलं की तर्कशास्त्र आलं. एवढ्या वजनाचा प्राणी एवढ्याशा पंखांवर उडतो कसा? गुहेत राहून खातो काय? आग ओकताना त्याचा घसा पोळत नाही का? जादू आहे, असं कोणी म्हणालं तर त्याला 'मग काहीही चालतं का?' असं विचारा. हे वाक्य रामबाण आहे, कारण त्याला 'हो' हे एकच प्रामाणिक उत्तर आहे आणि ते द्यायची कोणाची छाती होत नाही. 'फ्रीरेन' या मालिकेतली एल्फ, म्हणजे परीकथांतल्या दीर्घायुषी जातीची बाई, हजार वर्षांहून जास्त जगली आणि तरी खजिन्याच्या पेटीचं सोंग घेतलेल्या राक्षसाच्या जबड्यात पुन्हा पुन्हा डोकं घालते, हे तुम्हाला पटता कामा नये. स्वतः दरवर्षी त्याच सेलमध्ये तोच कूलर घेऊन फसता, तो विषय वेगळा.

एका मुद्द्यावर मात्र तुमचा अधिकार निर्विवाद आहे. नायक पोलादी चिलखत घालून भर वाळवंटातून चालत जातो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता सीताबर्डीत स्कूटर उभी करून परत येऊन तिच्या सीटवर बसलेल्या माणसानं हे मुकाट्यानं वाचायचं? ऊन लागू नये म्हणून आपण तोंडाला दुपट्टा गुंडाळतो, खिशात कांदा ठेवतो. चिलखताला खिसा कुठं असतो? यावर भाषांतरकाराला जाब विचारा. चित्र त्यानं काढलेलं नाही, पण सापडण्यासारखा तोच आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचा हा तर्क घरी ठेवून या. त्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत हे भलेमोठे पुतळे अख्ख्या शहराची रोगराई, इडापिडा सोबत घेऊन निघतात, आणि तुम्ही गर्दीत उभे राहून घसा फोडून 'घेऊन जा गे मारबत' ओरडता. नेते कशी, किती किलो नेते, मागच्या वर्षी दिलेला डेंग्यू परत कसा आला, हे तिथं कोणी विचारत नाही. विचारूही नये.

आता मघाचं राहिलेलं. वाद कितीही रंगला तरी मराठीचं नाव काढायचं नाही. 'इंग्रजीत ही गंमत येतच नाही' हे वाक्य मराठीतच म्हणा, हळहळा, आणि तिथंच थांबा. पुढं गेलात तर सगळं मुसळ केरात. जपानीत 'मी'साठी अनेक शब्द आहेत, माणूस उर्मट की नम्र ते त्यावरून कळतं, आणि इंग्रजीच्या हाती एकच 'आय' आहे. पण 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' ज्याच्या घरात रोज भांडतात, त्याला हे दुःख कळायला वेळ लागत नाही. मंगात शांततेलाही आवाज असतो, 'शीऽन' असा चित्रातच लिहिलेला. भाषांतरकार तिथं अडतात. आपल्याकडे शुकशुकाट आहे. 'नाकामा' हा शब्द हौशी मंडळींनी कितीतरी वर्षं तसाच ठेवला, म्हणे त्याला प्रतिशब्दच नाही. गावाकडच्या कोणत्याही आजीनं 'सवंगडी' म्हणून तो वाद दोन मिनिटांत संपवला असता.

अर्थात मराठीही जागोजाग फसेल. जपानी क्रियापदाला लिंग नसतं, म्हणून मुखवटा घातलेला योद्धा बाई आहे हे लेखक पाच-पाच पुस्तकं लपवू शकतो. मराठीत ती पहिल्याच पानावर 'मी आले' म्हणेल आणि खेळ खलास. यावर उपाय एकच: तिला भोसल्यांच्या दरबाराचा थाट द्यायचा आणि 'आम्ही आलो आहोत' म्हणायला लावायचं.

हे सगळं मनात ठेवा, कारण आमच्या गाडीवर एकानं तोंडातून बाहेर काढलं. नुसतं काढलं नाही, पहिली दोन पानं मराठीत करून आणली. राक्षसराज सिंहासनावरून नायकाला विचारतो, 'काहून आला बे इथं?' आणि नायक उत्तरतो, 'मी आपल्याला पराभूत करण्यासाठी आलो आहे.'

धरमपेठवाल्याला हे फारच आवडलं. महालवाला उठून उभा राहिला. राक्षस वऱ्हाडी बोलणार आणि हिरो पुण्याची, हे कोणी ठरवलं? कोपऱ्यातल्या शांत माणसानं माहिती दिली की जपानमध्येही ओसाकाकडची बोली पुष्कळदा विनोदी पात्रांच्याच वाट्याला येते आणि इंग्रजीवाले कधीकधी तिथं अमेरिकेच्या दक्षिणेकडचा हेल घालतात. त्यानं आग आणखी भडकली. तिसरा म्हणाला, दोघंही वऱ्हाडी बोलू दे, मारामारी तर आपसातलीच आहे. पोहेवाल्या भाऊंनी झारा हातात धरून मत दिलं की राजा आहे, राजाला 'बे' शोभत नाही, 'काहून आले जी' पाहिजे. त्यावर दोन गट पडले. पान तिसरं अजून कोणी केलेलं नाही.