टेकला म्हणे!

काल रात्री साडेअकरापर्यंत लेकीसोबत ग्राफपेपरवर मान मोडून बसलो. आज वही परत आली, लाल शेऱ्यासकट: 'कर्व्ह एक्स-अक्षाला टेकला. एक मार्क वजा.'

टेकला म्हणे!

अहो सर, कर्व्ह २ च्या एक्सव्या घाताचा, एक्स −५ ते ५. त्याची किंमत कधीच शून्य होत नाही, म्हणून टेकायला नको, कबूल. एका सेंटीमीटरला एक युनिट, हे प्रमाणही तुमचंच. −५ ला किंमत येते एक बत्तीसांश. म्हणजे ०.३ मिलिमीटर! पोरीची पेन-पेन्सिल ०.५ ची, अक्षही तिनेच आखलेला. दोन रेघांत जागाच नाही, तर टेकणार नाही तर काय करणार? उंदराच्या मिशीने काढू? आणि उजवीकडे ५ ला तेच प्रकरण ३२ सेंटीमीटर वर. ए-फोर कागद असतो २९.७ चा. बाकीचा कर्व्ह काय भिंतीवर काढायचा? ते नाही दिसलं. टेकलेलं बरोब्बर दिसलं.

आमच्या वेळीही हेच. २ चा शून्यावा घात १. का? 'पाठ कर.' अरे, ८, ४, २ असं निम्मं निम्मं करत आलं की पुढे १ च येतो, एवढं सांगायला कितीसा खडू लागतो?

आणि ऑफिसातले ते साहेब! विक्री १०, १२, १४ अशी गेली की लगेच 'एक्स्पोनेन्शियल ग्रोथ', म्हणजे दर वेळी ठरावीक पटीने वाढ! सरळ रेघ आहे हो ती, पट्टीने काढता येते! खरी चक्रवाढ बघायची तर सावकाराच्या वहीत बघा. माझ्या सात टक्क्यांच्या एफडीत तोच कर्व्ह दुप्पट व्हायला दहा वर्षं लोळत पडतो.

असो. काल २ चा −३ वा घात मी −८ धरला होता आणि ठिपका ऐटीत अक्षाखाली दिला होता. "बाबा, उणे घात म्हणजे एक भागिले," असं पोरगी म्हणाली तेव्हा खोडरबराने कागदाचं पार पोतेरं केलं. मग ठिपके मी पट्टीने जोडले. तेही तिनेच खोडलं.

आणि ती टेकलेली रेघ... पोरगी झोपल्यावर 'जरा फिकी वाटतेय' म्हणून मीच दोनदा गिरवली होती. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

तरी अख्खा मार्क? अर्धा कापायचा की हो!