‘गाडी पाठवतो, तुम्ही फक्त सही करा’

महिन्याभरात हा मेसेज मला तिसऱ्यांदा आला. आधी शाळेच्या ग्रुपवर, मग सोसायटीच्या, आणि परवा धाकट्या मावशीकडून. तिने खाली लिहिलं होतं, ‘तुला यातलं कळतं म्हणून विचारते, शेजारच्या वहिनींच्या मुलासाठी हवंय.’ मला यातलं कळतं ते दादामुळे. त्याला आम्ही तीन वेळा तीन ठिकाणी दाखल केलं. पहिल्या दोन खेपांत जे शिकलो ते कुणावर येऊ नये.

मेसेजचं नाव ‘महाराष्ट्रातलं चांगलं व्यसनमुक्ती केंद्र कसं ओळखाल?’ खाली सात मुद्दे, प्रत्येकासमोर हिरवी खूण. मुद्दे असे: शंभर टक्के गॅरंटी देणारं केंद्रच निवडा. २१ दिवसांत माणूस बरा होतो. पेशंट तयार नसेल तर केंद्राची गाडी घरून उचलून नेते, घरच्यांनी फक्त सही करायची. पहिले काही महिने भेट नाही, फोन नाही, तेवढा धाक हवाच. गोळ्या देणारं केंद्र टाळा, ते एक व्यसन काढून दुसरं लावतात. सरकारी दवाखान्याच्या नादी लागू नका. फी जास्त तितकं केंद्र चांगलं.

२१ दिवसांत बरा होतो आणि पहिले काही महिने भेट नाही, हे दोन्ही एकाच मेसेजात. लिहिणाऱ्यानेही तो पुन्हा वाचलेला दिसत नाही.

गॅरंटीपासून सुरुवात करतो. दारूचं किंवा ड्रग्जचं अवलंबित्व हा रक्तदाब, दमा, मधुमेह यांच्यासारखा पुन्हा पुन्हा डोकं वर काढणारा आजार आहे. उपचारानंतर पुन्हा घसरणाऱ्यांचं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के, असं अमेरिकेतल्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेने मांडलेलं आहे. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांत आजार पुन्हा उसळण्याचं प्रमाण त्याहून थोडं जास्तच दिसतं. रक्तदाब शंभर टक्के बरा करून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरकडे आपण पाऊल ठेवणार नाही. इथे मात्र ‘गॅरंटी’ शब्द वाचून ॲडव्हान्स पाठवतो. वर ही गॅरंटी वटवायला गेलात तर ‘पेशंटनेच पथ्य पाळलं नाही’ हे उत्तर तयार असतं. आम्हाला अक्षरशः हेच ऐकवलं होतं.

दिवसांचंही तसंच. पुण्यातलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्याबद्दल लेखक अनिल अवचटांनी लिहिलेलं वाचून पुलं आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले आणि डॉ. अनिता अवचट यांनी ते काम उभं केलं. तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा आहे. पण इतक्या वर्षांत त्यांनी खरा जोर दिला तो त्या दिवसांनंतरच्या पाठपुराव्यावर: गावोगावच्या फॉलोअप मिटिंगा, बायकांचे गट, व्यसनमुक्तीचे वाढदिवस. वांद्र्यात १९८१ साली फादर जो परेरा यांनी सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनची मुळंही अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देण्याच्या, मिटिंगांत आहेत, म्हणजे माणूस बाहेर आल्यावर रोज काय करणार यातच. म्हणून दोन केंद्रांची तुलना करताना ‘किती दिवस ठेवता?’ विचारण्यापेक्षा ‘घरी सोडल्यावर पहिल्या आठवड्यात काय करता?’ हे विचारा. ‘आमचा नंबर आहेच की, कधीही फोन करा’ असं उत्तर आलं, तर तिथे फॉलोअप नाही असं समजा.

आता उचलून नेण्याबद्दल, कारण मेसेजमधला सगळ्यात लोभस आणि सगळ्यात घातक मुद्दा हाच. रात्री अडीचला भांडी आपटणारा माणूस घरात असतो तेव्हा ‘गाडी पाठवतो’ हे शब्द देवाच्या आवाजासारखे वाटतात. आईने सही केली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. चार जण आले, दादाला चादरीत गुंडाळून नेलं. त्या रात्री आम्ही सगळे शांत झोपलो, हे मी लपवत नाही.

पण कायदा काय म्हणतो? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या अवस्था येतात. म्हणजे व्यसनी माणसाला ठेवून घेणारं केंद्र या कायद्याखाली येतं. माणूस स्वतःहून दाखल झाला असेल तर तो मागेल तेव्हा त्याला जाता आलं पाहिजे. फार तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं. त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवायचं असेल तर कलम ८९ आहे, आणि तिथे घरच्यांची सही एकटी पुरत नाही. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर अशा दोघांनी स्वतंत्रपणे, दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत, त्याला तपासलेलं असावं लागतं. तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात आहे, किंवा स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, असं त्यांचं मत हवं. तेही जास्तीत जास्त ३० दिवस. पुढे ठेवायचं तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगी लागते. चादरीत गुंडाळण्याचं कलम त्यात नाही.

याचा अर्थ नकार देणाऱ्या माणसाचं काहीच करता येत नाही असा नाही. कायद्याने दार ठेवलंय, फक्त त्या दारात डॉक्टर उभा केलाय. केंद्राला सरळ विचारा: आमच्या माणसाला तपासायला कोण येणार, त्यांचं नाव काय, नोंद कुठे होणार? गाडी पाठवणारे लोक या प्रश्नाला बहुतेक वेळा विषय बदलून उत्तर देतात.

धाक आणि शिस्तीचंही याच कायद्यात स्पष्ट आहे. साखळीने बांधून ठेवायला बंदी. एकांत कोठडीला बंदी. शिक्षा म्हणून हात बांधता येत नाहीत. सक्तीने डोकं भादरता येत नाही, गणवेश घालायला लावता येत नाही, आणि पेशंटकडून काम करून घेतलं तर त्याचा मोबदला द्यावा लागतो, सक्ती तर करताच येत नाही. दादाच्या पहिल्या केंद्रात सकाळी साठ जणांच्या पोळ्या पेशंटच लाटायचे. त्याला तिथे ‘सेवा’ म्हणत. फोनचं म्हणाल तर पहिले काही दिवस मोबाइल बाजूला ठेवण्याचा नियम चांगल्या केंद्रांतही असतो, पण तो दाखल होण्याआधी माणसाला सांगितलेला असतो. महिनोन्‌महिने भेट नाही, पत्र नाही, आवाज ऐकू येत नाही, ही गोष्ट वेगळी. ज्या केंद्राला तुमचा माणूस तुम्हाला दाखवायची भीती वाटते, तिथे काय दाखवण्यासारखं नाही याचा विचार करा.

भिंतीवरच्या सर्टिफिकिटांकडेही जरा नीट बघा. ‘सरकारमान्य’ लिहिलेल्या चौकटीत अनेकदा धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी असते, किंवा आयएसओचा कागद. ट्रस्ट कुणालाही काढता येतो. त्याने उपचार करायची मुभा मिळत नाही. हवी ती राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी. नोंदणीशिवाय केंद्र चालवलं तर पहिल्या वेळेस पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे, म्हणजे काही केंद्रांत एका पेशंटच्या महिन्याच्या फीएवढाही नसेल, पण निदान कायद्यात तो आहे. कायद्याप्रमाणे केंद्रात सहज दिसेल अशा ठिकाणी पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता आणि फोनही लावलेला असायला हवा. गणपतीच्या फोटोशेजारी तो बोर्ड आहे का, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात.

गोळ्यांच्या मुद्द्यावर मला राग येतो, कारण तो थेट जिवावर बेततो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केलं की सहा-आठ तासांत हात कापायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत, अंग तापतं. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. ते टाळण्यासाठी डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखं औषध देतात आणि काही दिवसांत डोस उतरवत बंद करतात. सोबत थायमिन, म्हणजे बी१ जीवनसत्त्व, कारण पिणाऱ्यांत त्याची कमतरता असते आणि त्याने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. मेसेज लिहिणाऱ्याला अर्धं खरं माहीत असावं: या गोळ्या देखरेखीशिवाय महिनोन्‌महिने घेतल्या तर त्यांचीही सवय लागते. म्हणूनच त्या डॉक्टरने द्यायच्या आणि डॉक्टरनेच बंद करायच्या.

दादाला दुसऱ्या रात्री फिट आली. केंद्रात डॉक्टर नव्हता, ‘गोळीमुक्त उपचार’ होता. वॉचमनने रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तो जगला तो त्या वॉचमनमुळे आणि ज्या सरकारी दवाखान्याच्या नादी लागू नका म्हणतात त्याच्यामुळे.

गर्द घेणाऱ्यांबाबत धोका वेगळा असतो. महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सवय उतरते, आणि बाहेर येऊन माणसाने जुन्याच मापाने घेतलं तर तेवढ्यानेच श्वास थांबतो. अशांना ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली देणं ही मान्यताप्राप्त पद्धत आहे, व्यसनाची अदलाबदल नव्हे. आणि ‘पेशंटला न कळता चहातून द्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांपासून दूर राहा. आत डायसल्फिरम, म्हणजे दारूसोबत पोटात गेलं की त्रास देणारं औषध, असेल आणि माणूस वर प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो, आणि डॉक्टरने विचारलं तर पेशंटला कारणही सांगता येणार नाही, कारण त्यालाच ते माहीत नसतं.

सरकारी व्यवस्थेबद्दल तक्रारी आहेत, मलाही आहेत. वॉर्डात गर्दी असते, समुपदेशकाला बोलायला वेळ कमी पडतो. पण ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. सरकारी मेडिकल कॉलेजांत मनोविकार विभाग असतात आणि पहिल्या धोक्याच्या आठवड्यासाठी खाटेजवळ डॉक्टर असणं हीच सगळ्यात मोठी सोय असते. सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी पुनर्वसन केंद्रंही राज्यात आहेत. जवळचं कुठलं, हे विचारायला १४४४६ हा मोफत क्रमांक आहे; मनाच्या इतर त्रासांसाठी १४४१६. गडचिरोलीकडे मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या कार्यक्रमाचे तालुका क्लिनिक आणि गावातली शिबिरं आहेत, तिथून कुणी पुण्याला महागडं केंद्र शोधत यायची गरज नाही. २०१९ साली आलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठलातरी उपचार मिळाल्याचं आढळलं होतं. अशा देशात ‘सरकारीकडे जाऊ नका’ म्हणणं म्हणजे उरलेल्यांना घरी बसा म्हणणं.

फीचा मुद्दा थोडक्यात: एसी खोलीने फिट थांबत नाही. आणि विम्यावर भिस्त ठेवण्याआधी पॉलिसीतले अपवाद वाचा. दारू आणि ड्रग्जचे उपचार तिथे बहुधा वगळलेले असतात.

सातही मुद्दे ओळीने वाचले की लक्षात येतं, की प्रत्येकात माणूस घराबाहेर किती पटकन, किती लांब आणि किती गप्प जाईल तेवढंच मोजलंय. थकलेल्या घराला ते हवं असतं, म्हणून मेसेज फिरतो. आई त्या सहीबद्दल अजून बोलत नाही.

मावशीला मी मेसेजचं उत्तर लिहिलं नाही, फोन केला. तीनच प्रश्न दिले: रात्री डॉक्टर कोण असतो, प्राधिकरणाकडचा नोंदणी क्रमांक काय, सुटल्यावर भेटायचं कधी. तिने शेजारच्या वहिनींना बसवून तीन ठिकाणी फोन लावले. पहिल्याने प्रश्न संपायच्या आत गुगल पेचा नंबर पाठवला. दुसऱ्याने ‘डॉक्टर ऑन कॉल’ म्हटलं, त्यांचं नाव विचारल्यावर ‘सर बाहेर आहेत’. तिसरीकडची बाई म्हणाली, मुलाला फोनवर द्या. मुलगा बोलायला तयार नाही म्हटल्यावर तिने सांगितलं, मग गुरुवारी पाच वाजता आईच एकटी येऊ दे, घरच्यांची मिटिंग असते, पैसे लागत नाहीत.

मुलगा अजून गेलेला नाही. वहिनी दोन गुरुवार जाऊन आल्या.