‘एक सेटिंग करा, अख्खा लॅपटॉप निनावी’: हे खरं नाही

पुण्यातल्या कॉलेजच्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: लिनक्सवर टॉर बसवा, नेटवर्क प्रॉक्सीत सॉक्ससमोर 127.0.0.1 आणि पोर्ट 9050 टाका. सगळी अ‍ॅप टॉरमधून जातील, सगळं एन्क्रिप्ट होईल, तुम्हाला कोणी शोधू शकणार नाही. टॉर म्हणजे तुमचा ट्रॅफिक अनेक सर्व्हरमधून (रिलेंमधून) फिरवून तुमचा पत्ता लपवणारं नेटवर्क; सॉक्स ही अ‍ॅपचा ट्रॅफिक त्याच्याकडे सोपवायची पद्धत. मेसेजमधले आकडे बरोबर आहेत. पुढचे तिन्ही दावे चूक आहेत आणि त्यांवर विसंबून कुणीतरी गोत्यात येईल, याची मला खरंच काळजी वाटते.

‘सगळी अ‍ॅप जातील.’ ही सेटिंग मानायची की नाही, ते प्रत्येक अ‍ॅप स्वतः ठरवतं. न मानणारी सरळ बाहेर पडतात. शिवाय टॉर फक्त टीसीपी (वेबपानं, मेल ज्या पद्धतीनं येतात ती) वाहून नेतं. पिंग किंवा यूडीपी या दुसऱ्या पद्धतीवरचे व्हिडिओ कॉल त्यातून जातच नाहीत.

आणि डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा! परवा कोथरूडला एका विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर दोन टर्मिनल उघडली. एकात पोर्ट 53 वर, म्हणजे डीएनएसच्या वाटेवर, टीसीपीडम्प (नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारं साधन) लावलं, दुसऱ्यात कर्लला (टर्मिनलमधून पान मागवणाऱ्या साधनाला) ‘सॉक्स5’ प्रॉक्सी देऊन एका आजाराच्या माहितीची साइट मागवली. पान टॉरमधूनच आलं. पण शेजारी त्या साइटचं नाव अक्षरन् अक्षर उमटलं, कारण कर्लनं तिचा आयपी आधी नेहमीच्या डीएनएसला विचारला होता. त्या मुलीचा चेहराच उतरला. ‘सॉक्स5-होस्टनेम’ हा पर्याय दिला की नावही टॉरकडेच जातं. टॉरसॉक्स (इतर प्रोग्राम टॉरमधून चालवणारं साधन) हेच सांभाळतं, पण स्टॅटिक लिंक केलेल्या, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररी स्वतःतच बांधून घेतलेल्या प्रोग्रामपुढे त्याचं काही चालत नाही.

‘सगळं एन्क्रिप्ट होईल.’ शेवटच्या, म्हणजे ट्रॅफिक जिथून टॉरबाहेर पडतो त्या एक्झिट रिलेपर्यंतच. पुढे एचटीटीपीएस (साइटपर्यंतचं एन्क्रिप्शन) नसेल तर मजकूर उघडा. 2007 साली स्वीडनच्या डॅन एगरस्टाडनं स्वतःचे एक्झिट चालवून वकिलातींच्या मेलचे पासवर्ड मिळवले होते.

‘कोणी शोधू शकणार नाही.’ ब्रिज (टॉरचे जाहीर यादीत नसलेले प्रवेश-रिले) न वापरता टॉर चालवलंत, तर ते वायफाय चालवणाऱ्याला सहज कळतं. 2013 मध्ये हार्वर्डला टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी देणारा विद्यार्थी सापडला, कारण त्या वेळी कॅम्पसच्या नेटवर्कवरून टॉरला कोण जोडलं होतं याची नोंद होती.

ब्राउझिंगपुरतं हवं असेल तर टॉर ब्राउझर घ्या. अख्खं मशीनच टॉरमधून न्यायचं असेल तर हूनिक्स (सगळा ट्रॅफिक टॉरमधूनच नेणारी ऑपरेटिंग सिस्टिम), नाहीतर फायरवॉलमध्ये टॉर ज्या युजर खात्यातून चालतं त्याखेरीज सगळ्यांची बाहेरची वाट बंद करा.

त्या मुलीची सेटिंग काढली, टॉर ब्राउझर बसवला, तीच साइट उघडली. टीसीपीडम्पमध्ये या वेळी साइटचं नाव आलं नाही.